फणसाखालची चपलांची ओळ

काजूच्या बोंडांचा वास सुटला की आमच्या पेडण्यातल्या पुरुषांना हुर्राक, काजूची पहिल्या धारेची दारू, आठवतो. मला परीक्षा आठवते. चैत्राच्या उन्हात झाडाखाली कुजत पडलेली बोंडं, त्यांच्यावर घोंगावणाऱ्या माश्या, रस आटवणाऱ्या भाटीचा धूर, आणि त्या सगळ्याच्या पायथ्याशी खाली मान घालून पेपर लिहिणारी एकेचाळीस पोरं. वास गोड असतो, पण डोक्यात चढतो. बाहेरगावची माणसं नाक दाबतात. दाबोत.

यंदा तो वास आला त्याच आठवड्यात माझी नात एक कागद घेऊन आली. मृणाल, माझ्या लेकीची लेक. कारापूरच्या बाजूला एका प्राथमिक शाळेत शिकवते. कागदावर नुसत्या चौकटी. शाळेत आग लागली तर कोण काय करील, पाणी भरलं तर पोरं कुठे न्यायची, दारं किती, बाल्द्या किती, वाळू कुठे ठेवली आहे. तिच्या शाळेत भोंगा आहे. भोंगा झाला की बूट घातलेली पोरं दोन-दोनच्या रांगेने मैदानात जातात आणि बाई यादी वाचतात. तिने मला ते मोबाइलवर दाखवलं. नीट जातात. कुणी कुणाला ढकलत नाही.

"आजी, तुमच्या वेळी असलं काही नसणार," ती म्हणाली.

"होतं. मीच केलेलं."

ती हसली. हसू दे. मी खोटं सांगत नाही, आणि केलेलं काम सांगायला मला लाजही वाटत नाही.

आमचा वाडा धारगळच्या हमरस्त्यापासून आत, डोंगराला चिकटून. शाळा देवळाच्या अग्रशाळेत भरायची. जत्रेच्या पाहुण्यांना उतरायला बांधलेली ती एक लांबट खोली. वर मंगळुरी कौलं, तीन जनेलं, तिन्हींना लाकडी गज, आणि बाहेर पडायला एकच दार. मागच्या भिंतीला विणलेल्या झावळ्यांची पडवी, तिच्यात देवळाचं सरपण रचलेलं. पडवीच्या मागे लगेच डोंगर आणि डोंगरभर काजू. ह्याच खोलीत मी चौथीपर्यंत शिकले. पुढे शिकायचं तर पेडण्याला जावं लागे, आणि ते जाणं मुलग्यांसाठी होतं. नवरा वारल्यावर मी परत त्याच खोलीत आले ती झाडू घेऊन. झाडायचं, विहिरीचं पाणी भरायचं, घंटा द्यायची. पोरं मला मावशी म्हणत. मास्तरही मावशीच म्हणत. मास्तर एकच होते, चारही इयत्तांना मिळून. वयाने माझ्यापेक्षा लहान, हातात घड्याळ, बोलणं पुस्तकातलं.

ते वर्ष भांडणांचं होतं. गोव्याचं राज्य व्हायचं होतं आणि राज्याची भाषा कोणती ह्यावरून घराघरात आवाज चढत होते. दुकानाच्या बाकावर रोज सकाळी पाव घ्यायला आलेली माणसं तासभर भांडत आणि पाव थंड करून घरी नेत. भिंतींवर लिहिलेलं असे, रात्रीत पुसलेलं असे, पुन्हा लिहिलेलं असे. मराठी शाळा राहते की जाते, हे पोरंसुद्धा एकमेकांना विचारत. अशा दिवसांत वरच्या ऑफिसातून शाळेला कागद आला. आग वगैरे लागली तर मुलं बाहेर कशी काढणार त्याची योजना करा, तालीम घ्या, कळवा.

मास्तर तो कागद दुकानावर घेऊन गेले. बाबलो तिथेच होता. देवळाचा महाजन, निम्म्या डोंगराचा मालक, भाटीही त्याचीच.

"कोणच्या भाषेत धाडलां रे, मास्तर? मराठीत काय कोंकणीत?"

"इंग्रजीत."

"मगे भांडण नाय," बाबलो म्हणाला आणि पाव घेऊन उठला.

शिगमा संपला, परीक्षेला महिना राहिला, तेव्हा मास्तरांनी पहिली तालीम घेतली. मला म्हणाले, घंटा जोरात द्या. आमची घंटा म्हणजे टांगलेला रुळाचा तुकडा. मी दिली. पोरं उठली, दाराकडे धावली आणि दारातच अडकली. देवळाची जागा, त्यामुळे चपला बाहेर, पायरीवर. पुढची पोरं वाकून आपापल्या चपला शोधत होती, मागची त्यांच्या पाठीवर. दोन मुलगे निळ्या पट्ट्याच्या एकाच चपलेसाठी भांडत होते. एक मुलगी उंबऱ्यावर बसून सँडलचं बक्कल लावत होती, निवांत, लग्नाला निघाल्यासारखी. मास्तर घड्याळ बघत ओरडत होते. आग खरी असती तर ती सगळ्यांच्या चपला सापडेपर्यंत थांबली असती का, हे मी मास्तरांना विचारलं. त्यांना आवडलं नाही.

त्या दिवशी सगळ्यात आधी अंगणात कोण पोचलं तर रेणुका. तिला चपलाच नव्हत्या. तिचे आईबाप बेळगावकडचे, हमरस्त्याच्या मोरीचं काम करायला आलेले, रस्त्याकडेच्या पत्र्याच्या खोपीत राहायचे. रेणुका दिवाळीनंतर शाळेत आली आणि चौथीत बसली. भर उन्हात अंगणात उभी राहून, एक पाय दुसऱ्या पायावर ठेवत, दारातली ती खेचाखेच बघून ती खदखदून हसत होती.

दुसऱ्या दिवशी मास्तरांनी हुकूम काढला. चपला सोडून पळायचं. पोरं पळाली. पण अंगण जांभ्या दगडाचं, दुपारी तव्यासारखं तापतं. अर्धी पोरं उड्या मारत परत पायरीवर आली. संध्याकाळी दोघी आया माझ्या दारात हजर, पोरांच्या पायाला फोड आले म्हणून. मास्तरांना कुणी बोललं नाही. मास्तरांना कसं बोलणार? मी होते ना.

मी झाडायला बसले की माझं डोकं चालतं. अंगणाच्या पलीकडे फणसाचं जुनं झाड, दाट सावली, आगीपासून लांब, शेजारी विहीर. पोरं चपलांशिवाय राहत नाहीत, तर चपलाच तिथे नेऊन ठेवायच्या. सकाळी शाळेत येताना पोरांनी फणसाखाली चपला काढायच्या, इयत्तेप्रमाणे ओळीत, प्रत्येकाची जागा ठरलेली. सकाळी अंगण थंड असतं, तेवढं अनवाणी चालायचं. घंटा झाली की दारात शोधायला काही नाही. तापलेली जमीनच पोरांना सावलीपर्यंत पळवत नेईल. आणि जो पोचला त्याने आपल्या चपला घालून आपल्या जागी उभं राहायचं. ओळीत जोड रिकामा दिसला की ते पोर आत राहिलं. यादी नको, चष्मा नको.

मास्तरांनी ऐकलं आणि हसले. "मावशी, तुम्ही चौथी पास."

"म्हणूनच चौथीपर्यंतची पोरं मला कळतात," मी म्हटलं.

बाबलो मात्र तणतणत आला. फणस देवळाच्या बरोबर समोर. "वयनी, देवाच्या नजरेसमोर चपला मांडतंस? देवाक दिसतत गो!"

"दिसोंदे. भाजलेली पोरां दिसण्यापरास चपला दिसलेल्या बऱ्या."

दुसऱ्या दिवशी त्याचा नातू नव्या चपला घालून आला आणि ओळीत पहिला.

पुढची तालीम बघायला अर्धा वाडा कुंपणाला टेकून उभा होता. घंटा झाली आणि मास्तरांनी घड्याळातून मान वर करेपर्यंत सगळी पोरं फणसाखाली होती. घड्याळात काय आलं ते मला ठाऊक नाही, पण मास्तरांनी घड्याळ कानाला लावून बघितलं, चालू आहे की बंद पडलं म्हणून. मला इतकं बरं वाटलं की त्या संध्याकाळी मी एकटीने पाव आणून चहात बुडवून दोन खाल्ले. आजही ते आठवलं की पाठ ताठ होते. शिकलेल्या माणसाने चार तालमी करून जमवलं नसतं ते मी एका फणसावर जमवलं.

त्यातून एक गोष्ट झाली, ती मी योजलेली नव्हती. ओळीत आपल्या पोराची जागा रिकामी दिसू नये म्हणून घराघरातून चपला आल्या. त्याआधी पाचदहा पोरं अनवाणीच यायची, कुणाच्या लक्षातही येत नसे. ओळ मांडल्यावर लक्षात यायला लागलं. म्हापशाच्या बाजारातून रबरी चपला आल्या, मोठ्या भावाच्या कापून लहान केलेल्या आल्या. शेवटी ओळीत चाळीस जोड झाले आणि पोरं एकेचाळीस.

रेणुका धावत यायची, पण तिला जागा नव्हती. मग ती कुणाच्या तरी जागी उभी राहायची, ते पोर तिला ढकलायचं, ओळ मोडायची आणि मास्तरांचा हिशेब चुकायचा. दोनदा असं झालं. तिसऱ्यांदा मी तिला दंडाला धरून आत नेलं आणि पाण्याच्या घागरीशी बसवलं.

"तुका चपला नाहीत, तू कित्याक धावतंस? पाय भाजतले. तू हय बस."

ती बसली. पुढच्या प्रत्येक तालमीला ती तिथेच बसली, हातात पाण्याचा कोप, म्हणजे पेला, घेऊन, आणि जनेलाच्या गजातून बाकीच्यांची ओळ बघायची. ओळ सुंदर दिसायची. मास्तर मला म्हणाले, "मावशी, आता अगदी बिनचूक." मला ते खरं वाटलं.

मृणालच्या कागदावर शेवटची एक चौकट आहे. विशेष काळजी लागणारी मुलं. तिने विचारलं, "इथे काय लिहू? आमच्याकडे तसं कुणी नाही." मी तिला म्हटलं, नीट बघ. ती म्हणाली, "आजी, सगळी धडधाकट आहेत गो." रेणुकासुद्धा धडधाकट होती. शाळेत तिच्याइतकं जोरात कुणी पळत नसे.

काजूखालचा पाचोळा, आमच्याकडे त्याला पातेरा म्हणतात, बोंडं पडायच्या आधी झाडून जाळतात. खाली जमीन साफ असली की पडलेली बी दिसते. पण प्रत्येकाला वेळेवर जमत नाही. कुणी ऐन चैत्रातही जाळतो, सकाळी, वारा नसताना, लवकर विझेल म्हणून. त्या वर्षी डोंगरावर कुणी जाळला ते सगळ्या वाड्याला ठाऊक होतं आणि कुणी नाव घेतलं नाही, कारण प्रत्येकाने कधी ना कधी तेच केलेलं.

चौथीचा पेपर चालू होता. खालच्या इयत्तांना मास्तरांनी पाढे लिहायला बसवलेलं. मी विहिरीवर होते. राट ओढता ओढता वास आला. बोंडांचा नव्हे, सुक्या झावळीचा. वळून बघितलं तर मागच्या पडवीवरून धूर वर येत होता, पिवळसर, जाड. मी बाल्दी विहिरीत सोडली आणि धावत जाऊन घंटा दिली. हात सोलवटेपर्यंत दिली.

पोरं आली. मी ते कधी विसरणार नाही. कुणी रडलं नाही, कुणी दारात थांबलं नाही. पहिलीतली पोरं पुढे, मोठी मागे, चौथीतली दोघं हातात पेन तसंच धरून. अंगण पायाखाली चटके देत होतं आणि ती उड्या मारत फणसाखाली पोचत होती, चपलांत पाय घालून ताठ उभी राहत होती. मागे पडवीतलं सरपण तडतडायला लागलेलं, आणि ही पोरं शाळेचा फोटो काढायला उभी असल्यासारखी. धुराने डोळे चोळत मास्तर शेवटी बाहेर आले. ओळीवरून बोट फिरवत गेले. एकही जोड रिकामा नाही.

"सगळी बाहेर!" ते ओरडले. डोंगरावरून खाली धावत येणाऱ्या माणसांना हात करून पुन्हा ओरडले, "पोरं सगळी बाहेर!"

त्या घटकेला माझ्या छातीत जे भरून आलं ते मी लपवणार नाही. मी ओळीकडे बघत उभी राहिले आणि मनात म्हटलं, हे माझं. एक श्वास घेण्याइतका वेळ. मग कुणाचं तरी बोलणं कानावर पडलं, "पाणी आणा रे, पाणी," आणि मला घागर आठवली, आणि घागरीशी मी कुणाला बसवलंय ते आठवलं.

आत धूर छातीपर्यंत उतरला होता. मागच्या भिंतीवरची कौलं फुटत होती, फटाके वाजावेत तशी. ती घागरीशीच होती. परकर भिजवून नाकातोंडावर धरलेला, मांडीवर पेपर.

"ऊठ गो! भायर!"

"तूच बस म्हटलीस की," ती म्हणाली.

मी तिला काखेत मारली आणि बाहेर आले. तिचा पेपर तिच्या मुठीत होता. माझ्या डोक्यावरचा पदर जळका निघाला, तो मी नंतर बघितला.

आग विझवली माणसांनी. विहिरीचं पाणी, देवळाच्या तळीचं पाणी, जे हाताला लागलं ते. बाबलोने बोंडांच्या ताज्या रसाचे, निरोचे, चार डबे डोंगरावरून आणून पडवीवर ओतले. अख्ख्या दिवसाचा निरो. "निरो होतो म्हणान बरां," नंतर तो दुकानावर सांगायचा, "हुर्राक असतो तर शाळा पेडण्याक जावन पडली असती." पुढचे आठ दिवस अग्रशाळेला जळलेल्या गुळासारखा वास येत होता. मागची भिंत काळी, वरची कौलं गेलेली. पोरांना ओरखडाही नाही.

मास्तर रिपोर्ट लिहायला बसले. एकेचाळीस मुलं तालमीप्रमाणे सुखरूप बाहेर, असं त्यांनी वाचून दाखवलं.

"चाळीस लिहा," मी म्हटलं.

"का?"

"चाळीस तालमीप्रमाणे. एक माझ्या चुकीने आत राहिलं होतं."

"मावशी, रिपोर्टात असं लिहीत नाहीत."

"मग रिपोर्ट वाचून दुसरी शाळा हीच चूक करील."

त्यांनी लिहिलं नाही. इन्स्पेक्टर आले, फणस बघितला, ओळ बघितली, मास्तरांची पाठ थोपटली. मास्तरांनी मला पुढे बोलावून सांगितलं की कल्पना ह्यांची. माणूस वाईट नव्हता. मी काय म्हणणार होते ते त्यांना ठाऊक असावं, म्हणून विषय लगेच बदलला.

आग लागली त्याच संध्याकाळी मी हमरस्त्यावरच्या खोपीत गेले होते. रेणुकाची आई डोक्यावरची खडीची पाटी उतरवत होती. मी उभ्या उभ्या सांगितलं. तुझ्या मुलीला मी आत बसवलं होतं, मी विसरले, ती मरणार होती. ती मला शिव्या देईल असं वाटलं होतं, आणि दिल्या असत्या तर मी ऐकून घेतल्या असत्या. तिने चुंबळ झटकली.

"पेपर अर्धा ऱ्हायलाय म्हंती ती," तिने विचारलं. "उद्या घेतील न्हवं? का नापास?"

"घेतील."

"मग धाडतो," ती म्हणाली आणि चूल पेटवायला वळली.

दुसऱ्या दिवशी अग्रशाळेत बसता येत नव्हतं म्हणून पेपर फणसाखाली झाला. रेणुकाने आदल्या दिवशीच्या चुरगळलेल्या कागदावरच पुढचं लिहिलं, मास्तरांना नवा कागद घेऊ दिला नाही. पास झाली.

फणसाखाली चपला ठेवणं मी चालू ठेवलं, ते बरोबरच होतं. चपलांवरून पोरं मोजणं बंद केलं. आता पोरांची तोंडं मोजायची, आणि मोजणार एकच माणूस, दाराबाहेर उभं राहून. ते काम मी रेणुकाला दिलं. मास्तर म्हणाले, मॉनिटर आहे ना. मी म्हटलं, मॉनिटरला आत राहणं म्हणजे काय ते माहीत नाही.

कौलं बसली, भिंतीला चुना लागला. निकालाच्या आदल्या दिवशी पोरं शाळेत आली तेव्हा शेवटची तालीम घेतली. दुकानावर त्या दिवशीही भांडण रंगलेलं, महिन्याभरात राज्य होणार म्हणून. मी घंटा दिली आणि नेहमीसारखी आत शिरले. तालमीला मी आतच असे. जनेलं ओढून घ्यायची, बाकांखाली बघायचं, घागरीवर झाकण ठेवायचं. कुणीतरी करायला हवं ते.

बाहेर रेणुकाचा आवाज खणखणीत येत होता. प्रत्येक पोराच्या डोक्याला हात लावून मोजत होती. अडतीस. एकोणचाळीस. चाळीस. मग स्वतःच्या छातीवर थाप मारून, एकेचाळीस.

"झाले," मास्तर म्हणाले. "पूर्ण. बसा सगळे."

"न्हाई झालं, मास्तर. मावशी आत हाय."

"मावशी पटावर नसतात गं."

"पटावर नसंना," ती म्हणाली. "आत हाय न्हवं?"

मी दुसरं जनेल ओढत होते. हात तिथेच राहिला. इतकी वर्षं त्या खोलीत मी पोरं मोजली, बाल्द्या मोजल्या, चपला मोजल्या. मला कुणी मोजायचं असतं हे माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं, तो विचार ह्या मुलीने केला.

ती दारात आली. उंबऱ्याबाहेर, अनवाणी, दोन्ही हात कमरेवर, अगदी मी पोरांवर ओरडताना उभी राहते तशी.

"मावशी! पोरं उन्हात हायती. तू आल्याबिगर मी कुणाला सोडणार न्हाई."

तिसरं जनेल उघडंच राहिलं. मी बाहेर आले. तिने माझ्या डोक्याला हात लावायला टाचा उंचावल्या, मी थोडी वाकले.

"बेचाळीस," ती म्हणाली.